घरातील यंत्रे : थबकणारा बिनतारी माउस

या सदरात आजवर आपण शेगडी, कुकर, शिवणयंत्र, पंखा अशा घरातील जुन्या सेवकांची विचारपूस केली. आजचा सेवक मुठीत मावणारा आणि स्वभावाने मुका आहे. मुका म्हणण्याचे कारण असे, की कुकरची शिटी वाजेनाशी झाली तर ते लगेच कळते, पंखा कुरकुरू लागला तर ऐकू येतो. परंतु संगणकाचा बिनतारी माउस बिघडला म्हणजे तो स्वतःविषयी काहीच सांगत नाही. तो नुसता थबकतो. मग ज्याच्या हातात तो असेल त्याला वाटू लागते, की दोष आपल्याच हाताचा आहे. आमच्या घरी नेमके असेच घडले आणि जवळजवळ पंधरा दिवस कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

गेली चार वर्षे आम्ही उभयता चिरंजिवांकडे सिरुसेरीस राहत आहोत. चेन्नई शहरातून दक्षिणेस महाबलिपुरमकडे जाणारा जो जुना रस्ता, ज्यास आता राजीव गांधी सालै असे नाव आहे, त्या रस्त्याने नावलूर ओलांडले की हे गाव लागते. तमिळनाडू शासनाच्या सिपकॉट या महामंडळाने येथे माहिती तंत्रज्ञानाची वसाहत वसविली. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही गणिताची नामांकित संस्थाही २००५ साली येथेच राहावयास आली. या सर्वांच्या सोबतीने बहुमजली इमारती उभ्या राहिल्या व त्यांत देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे येऊन राहिली. आमच्या मजल्यावर चार घरे आणि चार भाषा आहेत. प्रत्येक घरात कोणी ना कोणी दिवसभर संगणकापुढे बसलेले असते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आमचे यजमान पाटबंधारे खात्यात आरेखक होते. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा. ट्रेसिंग कापडावर शाईची दोन हात लांब रेघ एका दमात, जाडी कोठेही न बदलता ओढणे ही त्यांची हातोटी. सेवानिवृत्तीनंतर ते चिरंजिवांपाशी बसून संगणकावर नकाशे काढावयास शिकले. वाईचा आमचा वडिलोपार्जित वाडा आता उतरविण्याचे भावकीत ठरले आहे. वाडा गेला तरी कागदावर राहावा, म्हणून त्यांनी मागील उन्हाळ्यात तेथे जाऊन फितीने सगळी मापे घेतली, आणि चौक, सोपा, माजघर, बळद, परसातील विहीर असे एकेक करून ते सर्व संगणकावर उतरवू लागले होते. रोज दुपारी जेवणानंतर दोन तास हे काम चाले.

ते एकाएकी थांबले. विचारले तर म्हणाले, "डोळे दुखतात." डोळे दुखत असते तर वर्तमानपत्रही सुटले असते, ते सुटले नव्हते. नंतर एके दिवशी दुधाचा हिशेब मांडताना स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर एका गुरुवारच्या चौकटीत बारीक अक्षरांत त्यांनी लिहिलेले दोन शब्द माझ्या दृष्टीस पडले : "डॉक्टर. हात." थोरल्या दिरांना कंपवाताने ग्रासले होते. शेवटची सहा वर्षे त्यांना स्वतःच्या हाताने आमटीचा चमचाही तोंडी नेता आला नाही. ते सर्व आम्ही दोघांनी जवळून पाहिले होते. मी काही विचारले नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात काय विचारावयाचे नाही हेही माणूस शिकते. मात्र या वेळी ते शहाणपण माझ्या फारसे उपयोगी पडले नाही, हे कबूल केले पाहिजे.

दोन दिवसांनी विजेचे बिल भरावे म्हणून मी त्यांच्याच खुर्चीवर बसले. माउस सरकवला. पडद्यावरचा बाण थोडा सरकला, मधेच थबकला आणि मग ज्या ठिकाणी मला जावयाचे नव्हते तेथे उडी मारून बसला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. यंत्र बिघडले म्हणून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नसेल.

"अहो, जरा इकडे या बरे," मी हाक मारली. "माझ्याही हाताला कंप सुटलेला दिसतो."

ते आले. माझ्या हाताकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले. काही न बोलता स्टूल ओढून शेजारी बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "भिंग कोठे आहे?" त्या क्षणापासून आमच्या घरी संशोधनास आरंभ झाला.

चिरंजिवांनी दूरध्वनीवरून तत्काळ सल्ला दिला, "बाबा, नवा घ्या. काहीशे रुपयांची तर वस्तू." कोपऱ्यावरच्या दुकानदारानेही तेच सांगितले. यजमान मात्र तयार होईनात. "नवा आणला आणि तोही थबकला, तर?" एवढेच ते म्हणाले. त्या प्रश्नामागे काय होते ते मला ठाऊक होते, म्हणून मी नव्या माउसचा विषय पुन्हा काढला नाही.

माउस कसा चालतो हे आधी थोडक्यात समजून घ्यावे, म्हणजे तो कोठे अडतो ते कळते. १९६४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट व त्यांचे सहकारी यांनी पहिला माउस तयार केला; ती लाकडाची एक डबी होती, खाली दोन चाके आणि वर एक बटण. मागून निघालेल्या वायरीच्या शेपटीमुळे तिला उंदराचे नाव मिळाले. आता चाके गेली. माउसच्या पोटाशी एक बारीक दिवा आणि एक इवलासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक छायाचित्रे घेतो आणि एका चित्रावरून दुसऱ्याकडे जाताना खुणा किती सरकल्या यावरून हालचाल ओळखतो. बिनतारी माउसची तर शेपटीही गेली. हालचालीची बातमी तो रेडिओच्या लहरींनी, सामान्यतः सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, संगणकाच्या यूएसबी खाचेत बसविलेल्या नखाएवढ्या रिसीव्हरला कळवितो. म्हणजे येथे तीन जागा आल्या : पाहणारा डोळा, बातमी धाडणारा आवाज आणि ती ऐकणारा कान. शिवाय या सर्वांना लागणारी सेलची शिधासामग्री.

आम्ही सेलपासून सुरुवात केली. झाकण उघडले तो एका स्प्रिंगवर पांढरट पापुद्रा जमलेला दिसला. अल्कलाइन सेल पाझरला म्हणजे असा क्षार जमतो. कापसाच्या बोळ्याला व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा एखादा थेंब लावून तो पुसावा, मग कोरड्या फडक्याने टिपून जागा पूर्ण वाळू द्यावी, आणि नंतर हात धुवावेत. समुद्र येथून फार दूर नसल्याने खारट दमट वारा सतत येतो. त्यामुळे महिन्यातून एकदा झाकण उघडून पाहण्याची सवय येथील गृहिणींनी लावून घेतलेली बरी. कोकणातील भगिनींना हे निराळे सांगावयास नकोच. दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकदमच बदलावेत. एक नवा व एक जुना अशी जोडी लावू नये. पुन्हा पुन्हा भारित होणाऱ्या सेलचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे काही माउस पोट भरलेले असतानाही उपाशी असल्याची तक्रार करतात. आम्ही स्प्रिंग पुसली, नवे सेल घातले. बाण थबकतच राहिला.

मग डोळा तपासला. भिंगाखाली पाहिले तर छिद्रात एक पांढरा केस अडकलेला होता. तो माझा की त्यांचा यावर थोडा वाद झाला. केस काढला. आपल्याकडे टेबलावर काच घालून तिच्याखाली मुलांची छायाचित्रे, देवाचे चित्र, रेल्वेचे वेळापत्रक ठेवण्याची पद्धत आहे. ही पद्धत माउसला सोसत नाही. काच पारदर्शक व गुळगुळीत असल्याने कॅमेऱ्याला खुणाच सापडत नाहीत, आणि बाण थरथरतो किंवा भलतीकडे पळतो. अशा वेळी साधा, चकाकी नसलेला एखादा जाड कागद खाली ठेवून पाहावे. आमच्याकडे कापडी पॅड आधीपासूनच होते, तेव्हा दोष डोळ्याचाही नव्हता.

येथे यजमानांनी एक चांगली युक्ती काढली. शेजारच्या तेलुगू कुटुंबातील मुलाकडून त्यांनी वायरचा जुना माउस मागून आणला आणि आमच्या संगणकाला जोडला. ही परीक्षा प्रत्येकाने आधीच करावी असे आता मला वाटते, कारण ती एका फटक्यात निम्मे प्रश्न निकालात काढते. वायरचा माउसही थबकला, तर दोष संगणकाचा समजावा : एखादा कार्यक्रम मागे बसून सगळी शक्ती खात असेल, स्मृती अपुरी पडत असेल. वायरचा माउस सुरळीत चालला, तर संगणक निर्दोष. तो सुरळीत चालला. यजमानांनी माजघराची एक भिंत काढली. रेघ जेथे सुरू व्हावी तेथे सुरू झाली आणि जेथे थांबावी तेथे थांबली. त्यांनी ती पुसली आणि पुन्हा काढली. मग आणखी एकदा. मी चहा करावयास उठले, कारण त्यांच्याकडे पाहत बसणे मला जमेना.

त्यानंतर बिनतारी माउस व त्याचा रिसीव्हर चिरंजिवांच्या लॅपटॉपला लावला. तेथेही तो उत्तम चालला. म्हणजे संगणक चांगला, माउस चांगला आणि हातही चांगला. तरीही तिघे एकत्र आले की बिघाड. वायरचाच माउस कायमचा वापरणे हा सरळ मार्ग होता आणि ज्यांना कारणाशी कर्तव्य नाही त्यांनी तो खुशाल धरावा. परंतु माउस शेजारच्या मुलाला परत करावयाचा होता, आणि खरे सांगावयाचे तर आता आम्हां दोघांनाही चोर पकडल्याशिवाय चैन पडणार नव्हते.

चोर हवेत होता. १८९५ साली जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींच्या साह्याने दूरची घंटा वाजवून दाखविली, तेव्हा त्या लहरींना वाटेत अडविणारे दुसरे कोणी नव्हते. आज तशी स्थिती नाही. बिनतारी माउस साधारणतः २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. हा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच अरुंद आहे; कमी शक्तीच्या उपकरणांना तो परवान्याशिवाय वापरण्याची मोकळीक आपल्या सरकारनेही दिलेली असून तिचे नियम २००५ साली प्रसिद्ध झाले. जेथे प्रवेश मोफत तेथे गर्दी ठरलेली. वायफाय याच पट्ट्यात, ब्लूटूथ याच पट्ट्यात, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. आमच्या दिवाणखान्यात उभे राहून भ्रमणध्वनीवर पाहिले तर शेजाऱ्यांची वायफाय केंद्रे दोन डझनांहून अधिक दिसली. मंडईत भाव विचारावा आणि उत्तर दुसऱ्याच गाळ्यावरून यावे, तशी आमच्या माउसची गत झालेली असावी, असे आम्ही अनुमान बांधले.

प्रथम मायक्रोवेव्हवर संशय गेला, कारण तो टेबलाच्या बरोबर भिंतीपलीकडे आहे. मी पेलाभर पाणी आत ठेवून तो दोन मिनिटे चालविला (रिकामा कधीही चालवू नये) आणि यजमान माउस फिरवीत बसले. बाण थोडा अधिक अडखळला खरा. पण भट्टी बंद केल्यावरही अडखळणे थांबले नाही. वायफायचा राउटर बंद करून पाहणे हा पुढचा प्रयोग. परंतु सूनबाई आतल्या खोलीत कार्यालयाच्या बैठकीत होत्या, तेव्हा त्यांच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबावे लागले. पाच मिनिटे राउटर बंद ठेवला. फरक किंचित. ज्या घरी हा फरक मोठा पडेल त्यांनी राउटर माउसपासून काही अंतरावर हलवावा, आणि तो दुहेरी पट्ट्याचा असेल तर संगणक व भ्रमणध्वनी ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडावेत. तो पट्टा बराच ऐसपैस आहे व माउसच्या वाटेत येत नाही.

आणखी एक कारण येथेच सांगून टाकते. माउस थोडा वेळ स्वस्थ ठेवल्यानंतर फक्त पहिला क्षणभरच थबकत असेल आणि मग नीट चालत असेल, तर तो बहुधा झोपेतून उठत असतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबीच्या नोंदीखाली वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची अनुमती देणारी एक खूण असते. ती काढून पाहावी. आमचा माउस चालता चालता थबकत होता, म्हणून हे कारण आमचे नव्हते.

साडेतीनला नातू शाळेतून आला. आजी-आजोबा टेबलाखाली वाकून बसलेले पाहून त्याला आनंद झाला आणि तोही खाली बसला. संगणकाची पोलादी पेटी टेबलाखाली, पाठ भिंतीकडे करून ठेवलेली आहे. रिसीव्हर तिच्या पाठीमागे. "हे मी लावले आहे," असे म्हणून त्याने रिसीव्हरला अगदी चिकटून बसलेल्या निळ्या खाचेकडे बोट दाखविले. घरातील सगळी छायाचित्रे एके ठिकाणी राहावीत म्हणून त्याच्या वडिलांनी एक बाहेरची हार्ड डिस्क आणली होती, आणि ती जोडण्याचा मान चिरंजीव नातवाला मिळाला होता. केव्हा? वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. यजमानांनी बोटांवर दिवस मोजले. आजोबांचे काम थांबले त्याच्या आधीचे ते दोन दिवस.

संगणकाला रीतसर निरोप देऊन डिस्क काढली. (तशीच उपटून काढू नये, आतील माहिती बिघडू शकते.) बाण लोण्यातून सुरी जावी तसा चालला. डिस्क लावली, तिच्यात छायाचित्रे भरावयास घातली, बाण थबकला. पुन्हा काढली, पुन्हा चालला. यजमानांनी हे तीनदा केले, कारण एकदा घडले ते योगायोगाने घडलेले असू शकते, अशी त्यांच्या खात्यातील शिकवण.

याचे कारण मौजेचे आहे. निळ्या रंगाची खाच बहुधा यूएसबी ३ या जलद जातीची असते. तिच्यातून सेकंदाला पाच अब्ज इतक्या वेगाने चिन्हे धावतात, आणि इतक्या वेगाच्या प्रवाहातून जो रेडिओचा गोंगाट बाहेर सांडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात जलद खाच, तिला जोडलेले उपकरण व त्याची वायर ही तिन्ही हा गोंगाट करतात आणि शेजारच्या बिनतारी रिसीव्हरला त्याचा उपद्रव होतो, असे मोजमापांनी दाखविले आहे. हा गोंगाट गाळून टाकता येत नाही, कारण तो प्रत्यक्ष कामाच्या संदेशाचाच भाग असतो. माउसचा आवाज मुळातच बारीक. त्यातून तो पोलादी पेटीच्या पाठीमागून यावयाचा, आणि कानाशेजारी ढोल वाजत असावयाचा. कानाने काय ऐकावे?

उपाय अगदी किरकोळ निघाला. हातभर लांबीची यूएसबीची एक जोडवायर आणली, ती पेटीच्या पुढच्या बाजूच्या काळ्या, जुन्या जातीच्या खाचेत लावली आणि तिच्या टोकाला रिसीव्हर बसवून तो टेबलावर पॅडशेजारी ठेवला. आता माउस व रिसीव्हर यांच्यात एक वीत अंतर आहे आणि मधे काही नाही. डिस्क मागेच राहिली. जोडवायर नसेल तर निदान रिसीव्हर व डिस्क यांच्या खाचा शक्य तितक्या लांबच्या निवडाव्यात, आणि रिसीव्हर पुढच्या बाजूस ठेवावा. टेबलावर पाण्याचा तांब्या किंवा स्टीलचा डबा ठेवण्याची सवय असेल, तर तो त्या दोघांच्या मधे ठेवू नये. धातू व पाणी दोन्हीही या लहरींना अडवितात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मात्र कटाक्षाने पाळावे. आम्ही पहिल्याच दिवशी सेल, पॅड, राउटर आणि डिस्क एकदम बदलले असते, तर माउस सुधारला असता, पण कोणामुळे ते कळले नसते. आणि आमच्या घरी ते कळणे आवश्यक होते.

दोष माउसचा की हाताचा, अशी शंका ज्यांच्या घरी असेल त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट लिहिते. हाताचा कंप फक्त माउसवरच प्रकट होत नाही. तो चहाच्या कपात दिसतो, सुईत दोरा ओवताना दिसतो, सहीत दिसतो. तेथे काही दिसत असेल तर जोडवायर आणून भागणार नाही. वैद्यकीय सल्ला वेळीच घ्यावा. आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाने नेहमीचे काम अकस्मात सोडून दिले, तर डोळे दुखतात या उत्तरावर माझ्याप्रमाणे स्वस्थ बसू नये.

गुरुवार उजाडला तेव्हा यजमान म्हणाले, आता जाण्याची गरज नाही. मी म्हटले, वेळ घेतलेली आहे, आणि पंचाहत्तरीत एकदा तपासून घेण्याने काही बिघडत नाही. आम्ही दोघेही गेलो. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले, हात पुढे धरावयास लावले, बोट नाकाला लावून दाखवावयास सांगितले. मग एक कोरा कागद व पेन पुढे सरकवून आतून बाहेर वाढत जाणारी वळणांची चकली काढावयास सांगितली. यजमानांनी चष्मा नीट बसविला आणि पेन न उचलता सहा वळणे काढली. डॉक्टरांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि हसून विचारले, आपण काय काम करीत होता?

घरी निघताना तो कागद त्यांनी मागून घेतला. वाड्याच्या नकाशात आता परसातील विहीर तेवढी काढावयाची राहिली आहे.